गाणं कुणाच्या नावावर?

१९४९ साली ‘महल’ प्रदर्शित झाला. त्यातल्या ‘आएगा आनेवाला’ या गाण्याची तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलेलं होतं : कामिनी. कामिनी ही कुणी गायिका नव्हती. पडद्यावर मधुबालाने जे पात्र रंगवलं होतं त्याचं ते नाव. पात्राचंच नाव गायिका म्हणून छापण्याची त्या काळी रीत होती आणि त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं. गाणं रेडिओवर लागू लागलं, ही कामिनी कोण अशी श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, आणि तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं.

आता दुसरी गोष्ट. १९६५ साली भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ आला. त्याच्या संगीताला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. संगीतकाराचं नाव होतं आनंदघन. पुरस्काराच्या समारंभात या नावाचा पुकारा झाला आणि उठून कुणीच येईना. शेवटी, आनंदघन म्हणजे इथेच बसलेल्या लता मंगेशकर, असं मंचावरून जाहीर करावं लागलं. ही हकिकत पुष्कळदा सांगितली गेली आहे, आणि सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात हमखास कौतुक असतं. केवढी मोठी बाई, आणि केवढा निर्मोहीपणा!

दोन्ही वेळा गाण्यावर खरं नाव नव्हतं. दोन्ही वेळा व्यक्ती एकच. पहिल्या गोष्टीत आपल्याला अन्याय दिसतो आणि दुसरीत मोठेपणा. हा फरक कशामुळे पडतो? नाव नसणं हे वाईट असेल तर दुसऱ्या वेळीही वाईटच म्हणायला हवं. नाव नसणं हा जर सद्गुण असेल, तर पहिल्या वेळी तबकडी काढणाऱ्या कंपनीने त्या तरुण गायिकेवर उपकारच केले म्हणायचे! दोन्ही निष्कर्ष आपल्याला पटत नाहीत. म्हणजे नीतीचा प्रश्न नाव असण्या-नसण्यात नसून आणखी कुठेतरी आहे. तो कुठे आहे हे शोधायचं, तर ही बाई गाण्याकडे वळण्याआधी काय करत होती तिथपर्यंत मागे जावं लागतं.

* * *

लता मंगेशकर चित्रपटात आल्या त्या नटी म्हणून. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले. थोरली मुलगी बारा वर्षांची, तिच्या पाठची चार भावंडं, आणि घरात कमावतं कुणी नाही. दीनानाथांचे स्नेही मास्टर विनायक यांनी हात दिला आणि त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिला छोटी भूमिका मिळाली. पुढे ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’, ‘बडी माँ’ अशा काही चित्रपटांत तिने कामं केली. १९४५ मध्ये विनायकांच्या कंपनीबरोबर ती मुंबईला आली. ऑगस्ट १९४७ मध्ये विनायकही गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळात तिचं पडद्यावरचं काम जवळजवळ थांबलं.

हे काम त्यांना कधीच आवडलं नव्हतं, हे त्यांनी मुलाखतींतून लपवलेलं नाही. चेहऱ्याला रंग फासायचा, दिव्यांच्या उष्म्यात उभं राहायचं, कुणीतरी हस म्हटलं की हसायचं आणि रड म्हटलं की रडायचं. एक आठवण त्यांनी सांगितली आहे. चित्रीकरणाआधी, तुझ्या भुवया फार जाड आहेत आणि कपाळ अरुंद आहे, असं सांगून त्यांच्या भुवया आणि कपाळावरचे केस कापले गेले. मुलगी घरी येऊन रडली.

या आठवणीकडे मी वारंवार परत येतो. नटीचं काम हे स्वतःला बाजूला ठेवण्याचंच काम आहे. शब्द दुसऱ्याचे, नाव पात्राचं, हसण्याची जागा दिग्दर्शकाने ठरवलेली. पण अभिनयाच्या कलेत हे बाजूला होणं नट स्वतः करतो आणि त्यात त्याला सुख असतं. बारा वर्षांच्या त्या मुलीने स्वतःला बाजूला ठेवलं नव्हतं, तिला बाजूला सारलं गेलं होतं, पार भुवयांपर्यंत. घरी चूल पेटायची म्हणून ते चालवून घेणं भाग होतं. ‘कामिनी’ हे नाव तबकडीवर आलं तेव्हा ती पडदा सोडून ध्वनिक्षेपकाच्या मागे गेली होती खरी, पण पात्राने तिचा पिच्छा सोडला नव्हता. चेहरा सुटला, तर नाव पकडलं गेलं.

तिच्या आधीची एक नटी या गोष्टीशी उघड भांडली होती. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे. गाणारी, गाजलेली, प्रभातची मोठी तारका. करारावरून वाद झाला तेव्हा १९३९ मध्ये तिने पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकासमोर उपोषण केलं, आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिलं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलीला हा धंदा आतून कसा आहे ते एका नटीनेच सांगावं, आणि त्यावर तिचंच नाव असावं, हे त्या काळात साधं नव्हतं. पडद्यावर दुसऱ्याने लिहिलेलं बोलणाऱ्या बाईला स्वतःचंही काही म्हणायचं असतं, याचा तो छापील पुरावा होता.

मीनाकुमारीचं उदाहरण तर नावापासूनच सुरू होतं. १९३३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या मुलीचं घरचं नाव महजबीन. लहानपणीच ती कामाला लागली आणि दिग्दर्शक विजय भट्ट यांनी तिला ‘बेबी मीना’ केलं. आयुष्यभर ती त्या दिलेल्या नावाने ओळखली गेली. पण कविता करताना तिने स्वतःला ‘नाझ’ म्हटलं. हे नाव स्टुडिओने दिलेलं नव्हतं. १९७१ मध्ये खय्याम यांच्या संगीतासह तिच्या कवितांची ध्वनिमुद्रिका निघाली, तीत तिने आपले शब्द आपल्या आवाजात म्हटले. पुढच्या वर्षी ती गेली. तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांची वाक्यं बोलल्यानंतर हातात आलेलं हे सगळं थोडकंच होतं. पण ते तिचं होतं.

म्हणजे टोपणनाव घेणाऱ्या या दोघी : एक नाझ, एक आनंदघन. टोपणनावाने नाव झाकलं जातं हे खरं, पण ‘कामिनी’ आणि ‘आनंदघन’ यांच्यातला पहिला फरक इथेच दिसतो. एक नाव तिच्यावर चिकटवलेलं होतं, दुसरं तिने निवडलेलं. आणि एवढ्यावर प्रश्न मिटत नाही.

* * *

निवड केली म्हणजे कृत्य आपोआप थोर ठरत नाही. निवड करण्याची ऐपत कुठून आली, हेही पाहावं लागतं. १९४९ आणि १९६५ यांच्या मधल्या सोळा वर्षांत या बाईने नावासाठी आणि पैशासाठी केलेली भांडणं निर्मोहीपणाच्या गोष्टीत सहसा सांगितली जात नाहीत. मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात.

१९५७ ची गोष्ट. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. समारंभात लताबाईंनी त्यातलं ‘रसिक बलमा’ गावं, अशी शंकर-जयकिशनपैकी जयकिशन यांची इच्छा होती. त्यांनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायिकेला नाही, तर मग गाणं गायिकेशिवायच वाजवा, असा त्यांचा मुद्दा होता. तोवर पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. १९५९ पासून तो सुरू झाला आणि ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी पहिला त्यांनाच मिळाला.

त्यानंतर रॉयल्टीचं भांडण झालं. तबकड्या विकल्या जातात तोवर गायकालाही त्यातला वाटा मिळाला पाहिजे, अशी लताबाईंची मागणी होती. मोहम्मद रफींना हे पटलं नाही. ठरलेला मोबदला घेतला, गाणं गायलं, व्यवहार संपला, अशी त्यांची बाजू. यावरून १९६० च्या दशकात काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत.

रफींची बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही. तिच्यात एक जुनी सभ्यता आहे. सुतार खुर्ची करून देतो, मजुरी घेतो, पुढे खुर्चीवर कोण बसतं आणि ती कितीला विकली जाते याचा हिशेब मागायला येत नाही. रफी स्वतः अतिशय उदार म्हणून प्रसिद्ध होते, आणि घेतलं तेवढ्यात समाधान मानण्यात त्यांना लाचारी वाटत नव्हती. पण गाणं खुर्चीसारखं नसतं. खुर्ची विकली की ती एकाच घरात जाते. गाणं रोज नव्याने विकलं जातं आणि दर वेळी गाणाऱ्याचाच गळा वाजतो. शिवाय एखाद्याने आपला वाटा सोडणं निराळं, आणि कुणालाच वाटा मिळू नये अशी व्यवस्था असणं निराळं. रफींचं समाधान हे त्यांचं स्वतःचं होतं. त्याचा नियम केला, की ज्या कोरसमधल्या बायांना रफींचं मानधन स्वप्नातही दिसत नव्हतं त्यांच्यावरही तो लागू होतो.

कायदाही फार काळ मजुरीच्या बाजूने होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चित्रपटासाठी पैसे घेऊन गीत वा संगीत केलं तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माता. हे पारडं थोडं सावरायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. तिने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क जपला आणि सादर करणाऱ्या कलाकारालाही, हे मी सादर केलं आहे, अशी आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क दिला. ‘कामिनी’च्या तबकडीनंतर ६३ वर्षांनी.

आता आनंदघनाकडे परत येऊ. १९६० च्या दशकात लता मंगेशकर हे नाव देशातल्या घराघरांत पोहोचलं होतं. त्या नावावर मान मिळत होता आणि पैसाही. अशा वेळी त्यांनी भालजींच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांना संगीत दिलं, ते आनंदघन या नावाने. यामागे असं सांगितलं जातं, की चित्रपटाचं संगीत पडलं तर त्याचा बट्टा एवढ्या मोठ्या नावाला लागू नये, ही भालजींची काळजी होती.

ही काळजी आपुलकीची होती. तरी तिचा एक अर्थ नजरेआड करता येत नाही. दुसरं नाव घेतल्याने अपयशापासून संरक्षण मिळत होतं. पहिल्यांदा संगीत देणाऱ्या एखाद्या गरीब पोराला ही सोय नसते. त्याच्याकडे एकच नाव असतं, आणि पहिला चित्रपट पडला की तेच पडतं. नाव झाकायला आधी एक नाव शिल्लक असावं लागतं.

दुसरीही एक बाजू आहे आणि ती न्यायाने मांडायला हवी. मोठ्या नावाचं संगीत ऐकताना आपण आधी नाव ऐकतो. ‘ऐरणीच्या देवा’ लोकांना आवडलं ते आनंदघन नावाच्या कुण्या अपरिचिताचं म्हणून. जगदीश खेबूडकरांचे शब्द, घणाच्या ठेक्यावर चालणारी चाल, सगळं आपल्या वजनावर तोललं गेलं. गायिका म्हणून मात्र त्या गाण्यावर लता मंगेशकर हेच नाव होतं. म्हणजे त्यांनी सगळं नाव झाकलं नव्हतं. जिथे हक्क झगडून मिळवला होता तिथे नाव होतं, आणि जिथे नव्याने काही करून पाहायचं होतं तिथे ते दूर ठेवलं होतं. पुढे सत्तरच्या सुमाराला त्यांनी, नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून यापुढे फिल्मफेअर मला नको, असंही कळवलं. जो पुरस्कार अस्तित्वात यावा म्हणून त्या भांडल्या, तोच त्यांनी सोडला. पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी तो मिळेल अशी सोय झाली, मग मिळाला, आणि मग सोडता आला.

म्हणून ‘कामिनी’ आणि ‘आनंदघन’ यांच्यातल्या फरकाला मी असा शब्द देईन : नावाचा त्याग करता येतो तो नाव लावण्याचा हक्क असलेल्यालाच. ज्याला हक्कच नाही त्याच्या नाव नसण्याला त्याग म्हणणं ही फसवणूक आहे. आणि ती बहुधा आपलीच आपण केलेली असते, कारण तसं म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

* * *

एवढं मान्य केलं की प्रश्न मंगेशकरांच्या घरातून निघून आपल्या घरात येतो.

धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यात सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव आहे. अनेक घरांचं ते कुलदैवत. त्याच जिल्ह्यात तुळजापूरची भवानी, तिची आराध्यांची गाणी. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. देवाची गाणी, हळदीची, बारशाची, जात्यावरच्या ओव्या, असं हे सगळं इथल्या बायकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. ही गाणी कुणी रचली? विचारलं की उत्तर ठरलेलं : ती काय कुणाची असतात होय? सगळ्यांचीच. आणि मग शहाणा माणूस त्यावर म्हणतो, बघा, आपली परंपराच निनावी. आपल्याकडे कलावंताला नावाचा सोस नव्हता, हे पाश्चात्त्यांचं खूळ.

हे अर्धंच खरं आहे. आपल्या परंपरेत नाव लावण्याची पद्धत चांगली ठसठशीत आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. तुकोबा आपलं नाव घालतात, नामदेव घालतात, तेरचा गोरा कुंभार घालतो. शाहीर पोवाड्याच्या शेवटी आपलं, कधी गुरूचं आणि गावाचंही नाव गुंफतो. यातल्या कुणाच्या भक्तीला वा नम्रतेला त्याने बाधा आलेली नाही. बायकांतही ज्यांना संतमेळ्यात जागा मिळाली त्यांनी नाव लावलं. पण कसं? जनाबाई नाव लावते ते नामदेवाची दासी म्हणून. सोयराबाईच्या मुद्रेत तिची ओळख चोख्यावरून येते. नाव आहे, पण कुणाच्या तरी नावाला टेकून.

ओवीत तर आणखी विलक्षण प्रकार आहे. ओवी निनावी नाहीच. ती नावांनी गच्च भरलेली असते. भावाचं नाव, लेकाचं नाव, माहेरच्या गावाचं नाव, देवाचं, नदीचं, बैलांचं नाव. फक्त म्हणणारीचं नाव बहुधा नसतं. उखाण्याचंही तेच. मराठीत नव्या नवरीला ‘नाव घे’ म्हणतात तेव्हा तिने स्वतःचं नाव घ्यायचं असतं, असं कुणाच्या मनातही येत नाही. बाईने रचायचं, यमक जुळवायचं, चारचौघांत म्हणायचं, आणि त्या सगळ्या खटाटोपातून जे नाव निघायचं ते नवऱ्याचं. ज्या घरात शेत बाईच्या नावावर नसतं, सातबाऱ्यावर तिचं नाव शोधून सापडत नाही, त्या घरात गाणं तेवढं तिच्या नावावर असेल हे कसं व्हावं? गाण्याचं निनावीपण हे कुणा एकीच्या विरक्तीतून आलेलं नाही. ते घराच्या रचनेतून आलं आहे. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये अंदाज केला होता, की ज्या कवितांखाली कवीचं नाव नाही त्या लिहिणारी पुष्कळदा बाईच असावी. आपल्याकडे त्यासाठी अंदाज करायचीही गरज नाही. जातं कोण ओढत होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

पूर्वी याने कुणाचं फार बिघडत नव्हतं, असं म्हणता येईल. सगळ्याच निनावी, तर कुणी कुणाचं काही घेत नव्हतं. आज तसं राहिलेलं नाही. आज यात्रेत, हळदीत, भजनात म्हातारी गायला लागली की चार मोबाइल पुढे होतात. रात्रीपर्यंत ते गाणं यूट्यूबवर असतं. त्यावर वाहिनीचं नाव असतं, चित्रीकरण करणाऱ्याचं असतं, कधी ‘पारंपरिक’ असा शिक्का असतो. त्याच चालीवर ढोलकी आणि कीबोर्ड चढवून कुणी नवं ध्वनिमुद्रण केलं, तर त्या मुद्रणाचा कायदेशीर हक्क ते करवून घेणाऱ्याचा. म्हणणारीचं नाव कुठेच नाही. तिची ‘कामिनी’ झालेली असते, तीही पात्राच्या नावाशिवाय. आणि तिच्यासाठी रेडिओला फोन करून ‘ही कोण?’ असं विचारणारं कुणी नाही.

याउलट करता येतं, हेही करून दाखवलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांनी ओवीपुढे म्हणणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. पुढे ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला घेतल्या, तेव्हाही बाईचं नाव, गाव, जमेल तिथे तिचा फोटो, अशीच मांडणी केली. त्या ओव्या वाचताना, ऐकताना गाण्याचं सार्वजनिकपण कमी झाल्यासारखं मुळीच वाटत नाही. उलट, ती सगळ्यांची आहे आणि हिच्या तोंडून आली, ही दोन्ही वाक्यं एकमेकांशेजारी सुखाने नांदतात असं दिसतं.

* * *

इथे दोन शंका येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली : ओवी जिने म्हटली तिने ती रचली असेलच असं नाही. तिने ती आईकडून घेतली, आईने तिच्या सासूकडून. मग एकीचंच नाव लावणं हा बाकीच्यांवर अन्याय नाही का? आहे. म्हणून ‘रचना’ आणि ‘म्हणणारी’ हा भेद ठेवावा. आनंदघनाच्या गाण्यावर शब्द कुणाचे, चाल कुणाची, गळा कुणाचा, हे वेगवेगळं लिहिलं जात होतंच की. ओवीपुढे म्हणणारी अमुक, गाव तमुक, शिकली आईकडून, एवढं लिहिलं तरी ती साखळी दिसते. पूर्ण सत्य सांगता येत नाही म्हणून माहीत असलेलंही गाळायचं, याला प्रामाणिकपणा म्हणता येत नाही.

दुसरी शंका अवघड आहे. समजा आपण विचारलं, आणि ती म्हणाली, ‘नगं बाबा, माझं नाव कशाला?’ तर? तिचा नकार हा आनंदघनासारखा नकार मानायचा, की पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेला संकोच? घरातल्या पुरुषांना आवडणार नाही, सून हसेल, नाव झालं की लोक नावं ठेवतील, या भीतीतून आलेल्या ‘नगं’ला निवड म्हणायचं का? मराठीत नाव होणं आणि नाव ठेवलं जाणं यांत फार अंतर नाही, आणि बाईच्या बाबतीत तर ते आणखी कमी असतं.

मला वाटतं, या प्रश्नाचा निकाल बाहेरच्याने लावायचा नसतो. तिच्या मनातला संकोच खरा की शिकवलेला, हे ठरवण्याचा अधिकार आपण घेतला, तर तिच्या वतीने बोलणाऱ्यांत आणखी एकाची भर पडेल, आणि हस म्हणणाऱ्या, रड म्हणणाऱ्या दिग्दर्शकाहून आपण फार वेगळे उरणार नाही. ती नको म्हणाली तर नाव घालू नये. ज्या लेखिकेने स्वतःला झाकून घेतलं आहे तिला उघडं पाडण्याचा हक्क वाचकाला नसतो, हे २०१६ मध्ये एलेना फेरांतेची ओळख एका पत्रकाराने उकलली तेव्हा जगभरच्या वाचकांनी बोलून दाखवलं होतं. तो मान तिला असेल तर गावातल्या म्हातारीलाही आहे.

पण तिच्या ‘नगं’ला हा मान द्यायचा, तर आधी तिला विचारलेलं असलं पाहिजे. विचारलंच नाही तर तिचं नकार देणंही आपण हिरावून घेतो. आणि एकदा विचारून भागत नाही. नाव कुठे येईल, कोण ऐकेल, पैसे आले तर कुणाला जातील, हे तिला कळेल अशा भाषेत सांगून विचारावं लागतं, आणि उद्या तिने विचार बदलला तर ते खोडण्याची वा घालण्याची सोय ठेवावी लागते. लताबाईंना निवड करता आली, कारण तोवर त्यांना नकाराची किंमत परवडत होती. ती ऐपत एका रात्रीत कुणाला देता येत नाही. पण विचारण्याला पैसे पडत नाहीत.

आपण श्रोते यात नेमके कुठे आहोत, तेही पाहावं. १९४९ मध्ये कामिनीचं नाव बदललं ते कंपनीला उपरती झाली म्हणून नाही. अनोळखी माणसांनी, ही कोण गाते, असा प्रश्न धरून ठेवला म्हणून. त्यांना त्यातून काही मिळायचं नव्हतं. गाणं तर त्यांना आधीच फुकट ऐकायला मिळत होतं, तरी त्यांना ते अपुरं वाटलं. श्रोत्याचं कर्तव्य म्हणतात ते मला याहून मोठं काही वाटत नाही. पुढच्या वेळी फोनवर एखादी ओवी येईल, खाली ‘पारंपरिक’ लिहिलेलं असेल. पुढे पाठवण्याआधी, ज्याच्याकडून आली त्याला एवढंच विचारायचं : म्हणणारी कोण, कुठल्या गावची, आणि तिला हे माहीत आहे का?